मार्चची नोटीस, जूनचा आकडा

कॅलिफोर्नियात ज्यांची मुलं सरकारी शाळेत जातात त्यांना हा क्रम पाठ झालेला असतो. जानेवारीत स्कूल डिस्ट्रिक्टकडून 'आर्थिक परिस्थिती'बद्दल मोघम ईमेल येतो. फेब्रुवारीत बोर्डाच्या बैठका रात्री अकरापर्यंत लांबायला लागतात. मार्चच्या मध्यावर बातमी फुटते की इतक्या इतक्या शिक्षकांना कामावरून कमी करण्याच्या नोटिसा गेल्या. मे महिन्यात त्यातल्या बहुतेक मागे घेतल्या जातात. आणि जूनच्या अखेरीस, अर्धी मंडळी भारतात पोचलेली असताना, अंदाजपत्रक मंजूर होतं. फ्रीमाँट, सनीव्हेल, कुपर्टिनो, सॅन होजे इथल्या मराठी घरांत या काळात तेच तेच प्रश्न फिरतात: इतक्या श्रीमंत कंपन्यांच्या गावात शाळेला पैसे का नाहीत? बँकेत शिल्लक दिसतेय तर कपात कशाला? आणि मेमध्ये परतच घ्यायचं होतं तर मार्चमध्ये काढलं कशाला?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मजेशीर आहे, पण तिथं पोचण्याआधी पैसा येतो कुठून ते पाहावं लागेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शहराच्या नगरपालिकेचा शिक्षण विभाग नव्हे. ती स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिचं बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं असतं, तिचं खातं वेगळं असतं, शिक्षकांना नेमणारी आणि काढणारीही तीच. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत पट घसरला तर संचमान्यतेत शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं. पगार राज्याच्या तिजोरीतून येत असल्यानं नोकरी सहसा जात नाही, गाव बदलतं. कॅलिफोर्नियात शिक्षक त्या एका डिस्ट्रिक्टचा नोकर असतो. डिस्ट्रिक्टला पैसे कमी पडले तर शेजारच्या डिस्ट्रिक्टवर त्याला सामावून घेण्याचं कसलंही बंधन नाही. डिस्ट्रिक्टचं दिवाळंसुद्धा निघू शकतं. त्याची गोष्ट पुढे येईलच.

पैसा हजेरीवर चालतो

१९७० पर्यंत इथल्या शाळा मुख्यतः स्थानिक मालमत्ता करावर चालायच्या. त्यामुळे श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत, गरीब गावाची गरीब. १९७१ च्या 'सेरानो विरुद्ध प्रीस्ट' खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ही विषमता समतेच्या हक्कात बसत नाही असं म्हटलं. त्यानंतर १९७८ मध्ये मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केलं. त्यानुसार मालमत्ता कराचा मूळ दर घराच्या करपात्र किमतीच्या एक टक्क्यावर थांबला, आणि घर विकलं जात नाही तोवर ती किंमत वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्केच वाढवता येते. म्हणूनच शेजारी तसंच घर चाळीस वर्षांपूर्वी घेतलेले आजोबा तुमच्या कराचा जेमतेम तुकडा भरत असतात. स्थानिक कर असा आखडल्यावर शाळांच्या पैशाची दोरी सॅक्रामेंटोच्या, म्हणजे राज्याच्या हातात गेली.

आजचं सूत्र २०१३ मध्ये, जेरी ब्राऊन गव्हर्नर असताना आलं. प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम ठरलेली असते. इयत्तेनुसार ती कमी-जास्त होते, आणि अलीकडच्या वर्षांत ती साधारण दहा ते तेरा हजार डॉलरच्या घरात आहे. कमी उत्पन्नाच्या घरातली, इंग्रजी शिकत असलेली किंवा फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दुसऱ्या कुटुंबाच्या सांभाळात वाढणारी मुलं असतील तर प्रत्येकी वीस टक्के जास्त. अशा मुलांचं प्रमाण डिस्ट्रिक्टमध्ये ५५ टक्क्यांच्या वर गेलं तर त्यावर आणखी.

इथं एक बारीक पण महागडी अट आहे. 'प्रत्येक मुलामागे' म्हणजे पटावरच्या मुलामागे नाही, त्या दिवशी वर्गात हजर असलेल्या मुलामागे. वर्षभराच्या हजेरीची सरासरी काढून पैसे मिळतात. असं करणारी अमेरिकेत मोजकीच राज्यं आहेत. मूल तापानं घरी राहिलं, डॉक्टरची चिठ्ठी आणली, तरी त्या दिवसाचे पैसे बुडतात. वर्ष १८० दिवसांचं धरलं तर एका दिवसाचे पन्नास-साठ डॉलर. नाताळच्या सुट्टीला जोडून तीन आठवडे पुण्याला जाऊन आलेलं एक कुटुंब, शाळेचे पंधरा दिवस, दोन मुलं: हिशेब सोळा-सतराशे डॉलरच्या आसपास जातो. अशा वेळी 'इंडिपेंडंट स्टडी'चा करार आधी करून मुलानं नेमून दिलेलं काम पूर्ण केलं तर डिस्ट्रिक्टला ते दिवस हजेरीत धरता येतात. ऑफिसातल्या बाई तो कागद इतक्या आग्रहानं का पुढे करतात, त्याचं कारण हे.

आता मुलं कमी झाली की काय होतं ते पाहू. समजा सहाशे मुलांच्या प्राथमिक शाळेतून एका वर्षात तीस मुलं गेली. सुमारे तीन लाख डॉलर गेले. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या पट्ट्यात, पगार, आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचा वाटा मिळून एका शिक्षकावर दीड लाख खर्च होतो असं धरलं तर हे दोन शिक्षकांचे पैसे. पण ती तीस मुलं एकाच वर्गातून जात नाहीत. किंडरगार्टनमधून चार, पहिलीतून सहा, चौथीतून पाच अशी जातात. प्रत्येक वर्गात शिक्षक लागतोच. मुख्याध्यापक, सफाई कामगार, वीज, छप्पर, काहीच कमी होत नाही. म्हणून पट हळूहळू गळणं हे डिस्ट्रिक्टचं सगळ्यात चिवट दुखणं असतं. २००० च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत ६३ लाखांच्या आसपास मुलं होती. आता ती ५८ लाखांच्या आसपास आहेत. जन्मदर घसरला, घरं परवडेनात म्हणून तरुण कुटुंबं बाहेर पडली. राज्यानं २०२२ मध्ये थोडी सूट दिली: चालू वर्ष, मागचं वर्ष किंवा मागच्या तीन वर्षांची सरासरी यांतली जी हजेरी जास्त असेल ती धरायची. त्यामुळे घसरण जिन्यावरून उतरल्यासारखी होते खरी, पण होते.

ॲपलच्या गावात पैसे का नाहीत

डिस्ट्रिक्टला मिळायची एकूण रक्कम सूत्रानं ठरते. त्यातला स्थानिक मालमत्ता करातून जितका भाग येतो तितका आधी मोजतात, उरलेला राज्य भरतं. म्हणजे गावात नवा ऑफिस परिसर उभा राहिला, मालमत्ता कर भरभरून वाढला, तर राज्य आपला हिस्सा तेवढाच कमी करतं. एकूण बेरीज जिथल्या तिथे. गावातल्या श्रीमंतीचा फायदा शाळेला होत नाही तो असा.

अपवाद एकच. स्थानिक कर सूत्राच्या रकमेपेक्षाही जास्त येत असेल तर वरचा पैसा डिस्ट्रिक्टलाच राहतो. अशांना 'बेसिक एड' म्हणतात. पालो आल्टो हे त्यातलं नावाजलेलं. पण खरी गंमत ॲपलच्या गावात, कुपर्टिनोत आहे. तिथली मुलं आठवीपर्यंत कुपर्टिनो युनियन डिस्ट्रिक्टमध्ये आणि नववीपासून फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टमध्ये जातात. (या नावातल्या फ्रीमाँटचा फ्रीमाँट शहराशी काहीही संबंध नाही, नव्यानं आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाचा इथं एकदा तरी घोटाळा होतो.) हायस्कूलचा डिस्ट्रिक्ट कैक वर्षं बेसिक एड आहे, तर आठवीपर्यंतचा बराच काळ राज्याच्या सूत्रावर चालत आला. घर तेच, कराचं बिल तेच, पण धाकट्याच्या शाळेत कपातीची बैठक आणि थोरल्याच्या शाळेत नाही. कुपर्टिनो युनियननं पट घटल्यामुळे २०२२ मध्ये रेगनार्टसारखी चांगली चाललेली प्राथमिक शाळा बंद केली. ज्या शाळांसाठी लोकांनी तिथं घरं घेतली, त्या घरांच्या किमतींनीच लहान मुलं असलेली कुटुंबं गावाबाहेर ठेवली.

मग नवीन जिमखाना बांधायला पैसे कुठून आले, हा प्रश्न दर बैठकीला कोणी तरी विचारतंच. ते पैसे रोख्यांचे असतात. मतदारांनी ५५ टक्के मतांनी मंजूर केलेल्या रोख्यांतून इमारत बांधता येते, पगार देता येत नाही. घरबांधणीच्या कर्जातून किराणा भरता येत नाही तसंच हे. पगारासाठी स्थानिक कर लावायचा असेल तर 'पार्सल टॅक्स' आणावा लागतो, आणि त्याला सहसा दोन-तृतीयांश मतं लागतात. ६५ टक्के लोकांनी हो म्हटलं तरी तो पडतो.

खर्चाच्या बाजूला फारसं गूढ नाही. शंभरातले ऐंशीहून अधिक डॉलर माणसांवर, म्हणजे पगार, विमा आणि निवृत्तिवेतनावर जातात. शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीत डिस्ट्रिक्टनं भरायचा वाटा २०१३-१४ मध्ये पगाराच्या ८.२५ टक्के होता. २०२२-२३ पासून तो १९.१ टक्के आहे. हा पैसा आज वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हातात पडत नाही. त्यामुळे डिस्ट्रिक्ट म्हणतो 'आमचा खर्च भरमसाट वाढला' आणि शिक्षक म्हणतात 'आमचे पगार कुठे वाढले', आणि दोघंही खरं बोलत असतात. दुसरं ओझं विशेष शिक्षणाचं. दिव्यांग मुलांना योग्य शिक्षण देणं १९७५ च्या केंद्रीय कायद्यानं बंधनकारक केलं, आणि ते हवंच. त्या कायद्यानं या जादा खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंत भार वॉशिंग्टन उचलेल असंही म्हटलं होतं. प्रत्यक्षात सहसा त्याच्या निम्माही आला नाही. उरलेला डिस्ट्रिक्ट इतर मुलांच्या पैशातून भरतो.

त्यात कोविडचा पैसा येऊन गेला. तीन हप्त्यांत मिळून देशभरच्या शाळांना सुमारे १९० अब्ज डॉलर केंद्राकडून मिळाले, आणि शेवटच्या हप्त्याचा खर्च सप्टेंबर २०२४ पर्यंत ठरवायचा होता. ज्या डिस्ट्रिक्टनी तो एकवेळचा पैसा समुपदेशक, वाचनशिक्षक, साहाय्यक अशा कायम पदांवर घातला त्यांच्याकडे माणसं उरली, पैसा संपला. हे अंदाजपत्रकाच्या भाषेत चूक असेल. पण दीड वर्ष पडद्यासमोर बसून आलेल्या मुलांना पाहून एखाद्या बोर्डानं समुपदेशक नेमला तर त्याला नावं ठेवणं मला जमत नाही.

दिवाळं निघालं तेव्हा

१९९१ च्या वसंतात बे एरियातल्या रिचमंड युनिफाइड डिस्ट्रिक्टनं जाहीर केलं की पैसे संपले, शाळा ठरल्या वेळेच्या सहा आठवडे आधी बंद करतोय. पालक कोर्टात गेले. राज्याचं म्हणणं असं की डिस्ट्रिक्टनं पैसे उधळले, ते त्यानं निस्तरावं. १९९२ च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: मुलांना मिळणारं शिक्षण ही शेवटी राज्याची जबाबदारी आहे, आणि एका गावातल्या मुलांचं वर्ष अर्ध्यात तुटणार असेल तर राज्याला हात झटकता येणार नाहीत.

हे प्रकरण तापलेलं असतानाच १९९१ मध्ये विधिमंडळानं 'एबी १२००' हा कायदा केला, आणि आज ज्या बातम्या येतात त्यांतल्या अर्ध्या त्याच कायद्याच्या पोटातून येतात. डिस्ट्रिक्टला वर्षातून दोनदा, डिसेंबर आणि मार्चच्या मध्यावर, आपल्या पैशाचा अहवाल द्यावा लागतो आणि स्वतःला तीनपैकी एक शेरा द्यावा लागतो. 'पॉझिटिव्ह' म्हणजे चालू आणि पुढची दोन वर्षं देणी भागतील. 'क्वालिफाइड' म्हणजे कदाचित भागणार नाहीत. 'निगेटिव्ह' म्हणजे भागणारच नाहीत. काउंटीचं शिक्षण कार्यालय हे आकडे तपासतं.

बँकेत शिल्लक असताना कपात का, याचं उत्तर या तीन वर्षांच्या नियमात आहे. यंदा शिल्लक आहे, पुढच्या वर्षी ती अर्धी होईल, तिसऱ्या वर्षी उणे जाईल असं दिसत असेल तर डिस्ट्रिक्टला आजच हालचाल करावी लागते. शिवाय राखीव निधी ठेवावाच लागतो: तीस हजार मुलांपर्यंतच्या मध्यम डिस्ट्रिक्टला एकूण खर्चाच्या तीन टक्के, त्याहून मोठ्याला दोन. तीन टक्के म्हणजे साधारण अकरा दिवसांचा खर्च. एवढ्या 'गंगाजळी'वर लोक बोर्डाला चिक्कू म्हणतात तेव्हा हसू येतं.

आणि हे सगळं करूनही नाहीच जमलं तर राज्य तातडीचं कर्ज देतं, पण त्याबरोबर कारभारही काढून घेतं. मोठं कर्ज घेतलं की निवडून आलेल्या बोर्डाचे अधिकार जातात आणि प्रशासक येतो. ओकलंडनं २००३ मध्ये दहा कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. ते फेडायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. ज्या मुलांच्या काळात ते काढलं ती स्वतः पालक होण्याच्या वयाला आली. शेजारचं डिस्ट्रिक्ट या नावाला इतकं का घाबरतं ते यावरून कळेल.

आता ती मार्चची नोटीस

शिक्षण कायद्यानुसार पुढच्या वर्षी ज्या शिक्षकाला कमी करायचं असेल त्याला १५ मार्चपर्यंत प्राथमिक नोटीस आणि १५ मेपर्यंत अंतिम नोटीस द्यावी लागते. मधल्या काळात त्याला प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते. ही तारीख शिक्षकांच्या भल्यासाठीच ठेवलेली आहे: ऐन ऑगस्टमध्ये घरी बसवू नये, दुसरी नोकरी शोधायला वेळ मिळावा. २०२२ पासून साहाय्यक, बसचालक, ऑफिस कर्मचारी यांनाही साधारण हेच संरक्षण मिळालं.

पण राज्याचं कॅलेंडर पाहा. गव्हर्नर आपलं पहिलं अंदाजपत्रक १० जानेवारीपर्यंत मांडतात. ते नुसता अंदाज. एप्रिलमध्ये लोक आयकर भरतात, तेव्हा राज्याला खरा अंदाज येतो. त्यावरून मेच्या मध्यावर सुधारित अंदाजपत्रक येतं. विधिमंडळ १५ जूनपर्यंत ते मंजूर करतं आणि १ जुलैला नवं वर्ष सुरू होतं. म्हणजे कुणाला काढायचं हे डिस्ट्रिक्टनं मार्चमध्ये सांगायचं, आणि पैसे किती येणार हे त्याला मे-जूनमध्ये कळणार. मार्चमध्ये नोटीस दिली नाही तर पुढचं अख्खं वर्ष त्या शिक्षकाला सहसा ठेवावंच लागतं. मग कुठलाही सावध हिशेबनीस काय करेल? जरूर वाटते त्याहून जास्त नोटिसा काढेल. शिक्षकांना वाचवणारी तारीख दरवर्षी जास्तीच्या शिक्षकांची झोप उडवते.

त्यात ज्येष्ठतेचा नियम. शेवटी आलेला आधी जातो, आणि पद रद्द झालेला ज्येष्ठ शिक्षक आपल्या पात्रतेत बसणाऱ्या कनिष्ठाच्या जागी सरकू शकतो. एक पद गेलं की दोन-तीन जण हलतात, म्हणून नोटिसा पदांपेक्षा जास्त असतात. बोर्डाच्या ठरावात '१२.४ एफटीई' असं दिसलं तर ती पूर्णवेळ पदांची संख्या आहे, माणसांची नव्हे, ०.४ म्हणजे आठवड्यातले दोन दिवस येणारा चित्रकलेचा शिक्षकही असेल.

२००९ च्या मंदीत मार्चमध्ये राज्यभर २६ हजारांहून अधिक शिक्षकांना अशा नोटिसा गेल्या होत्या. सगळे गेले नाहीत. पण ज्याला मार्चमध्ये गुलाबी कागद मिळतो तो एप्रिलमध्ये दुसरीकडे मुलाखती देतो, आणि मेमध्ये डिस्ट्रिक्टनं 'राहा' म्हटलं तेव्हा त्यानं तिकडे होकार कळवलेला असतो. बहुधा हा तरुण शिक्षक असतो, बऱ्याचदा गरीब वस्तीतल्या शाळेतला, कारण ज्येष्ठ शिक्षक बदली मागून सोयीच्या शाळेत गेलेले असतात. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये एका शाळेला एकही नोटीस नाही आणि दुसऱ्या शाळेतला अर्धा शिक्षकवर्ग अधांतरी, हे असं घडतं. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला हा सगळ्यात वाईट भाग. १५ मार्च ही तारीख कुणालाच आवडत नाही, पण ती पुढे ढकलायची म्हटली की शिक्षक संघटनांना आपलं संरक्षण पातळ होईल अशी रास्त भीती वाटते, आणि राज्याचं करकॅलेंडर तर हलत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत हे सगळे धागे एकत्र पाहायला मिळाले. पट घसरत पन्नास हजारांच्या खाली. मे २०२४ मध्ये राज्यानं पैशाच्या निर्णयांवर नकाराधिकार असलेले सल्लागार बसवले. ऑक्टोबरमध्ये सुपरिटेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे प्रमुख अधिकारी, मॅट वेन यांनी बंद किंवा विलीन होऊ शकणाऱ्या १३ शाळांची यादी जाहीर केली. शहर इतकं खवळलं की त्याच महिन्यात त्यांना जावं लागलं, आणि त्यांच्या जागी आलेल्या मारिया सू यांनी शाळा बंद करण्याचा विषय बाजूला ठेवला. तूट मात्र बाजूला ठेवता आली नाही. २०२५-२६ साठी ती सुमारे ११ कोटी डॉलर होती. मार्च २०२५ मध्ये नोटिसा निघाल्या, शेकडो कर्मचाऱ्यांनी लवकर निवृत्तीची योजना घेतली, आणि मेमध्ये शिक्षकांच्या नोटिसा मागे घेतल्या गेल्या. बातमी 'नोकऱ्या वाचल्या' अशी आली. पण पदं कमी झाली ती झालीच, जाणारे अनुभवी होते एवढाच फरक.

शाळा बंद केल्यानं खरं तर किती वाचतं? लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. मुलं जिथं जातात तिथं शिक्षकही लागतात. वाचतात ते मुख्याध्यापक, ऑफिस, सफाई आणि इमारतीचे पैसे. इमारत विकली किंवा भाड्यानं दिली तर थोडे आणखी, आणि त्यासाठीही सात ते अकरा सदस्यांची नागरिक समिती नेमून तिचं ऐकावं लागतं. उलट शाळा बंद झाल्यावर काही कुटुंबं खासगी किंवा चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) शाळेत गेली तर वाचवलेल्यातलं निम्मं हजेरीतून निघून जातं. तरीही दोनशे मुलांसाठी चारशेची इमारत वर्षानुवर्षं चालवणं म्हणजे प्रत्येक शाळेत अर्धी नर्स आणि पाव ग्रंथपाल. हा निर्णय आकड्यांवर एका पानात सुटतो आणि गावात दहा वर्षं सुटत नाही.

ज्यांना यात शिरायचं आहे त्यांनी ईमेलवर वेळ घालवू नये. बोर्डाच्या बैठकीची विषयपत्रिका बैठकीच्या ७२ तास आधी जाहीर करावीच लागते. तिला जोडलेल्या अंदाजपत्रकात 'मल्टी-इयर प्रोजेक्शन'चा, म्हणजे चालू आणि पुढच्या दोन वर्षांच्या अंदाजाचा तक्ता असतो. त्यात तिसऱ्या वर्षाची अखेरची शिल्लक पाहावी. आकडा कंसात असेल तर तो उणे आहे आणि पुढच्या मार्चमध्येही नोटिसा आहेत. आणि पट किती धरलाय ते पाहावं. कपात टाळू पाहणारं बोर्ड तिथंच हळूच आशावादी होतं.

जूनमध्ये अंदाजपत्रकावर जाहीर सुनावणी एका बैठकीत आणि मतदान नंतरच्या वेगळ्या बैठकीत असतं, त्यामुळे बोलायचं ते सुनावणीत. साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यासाठी नागरिक असावं लागत नाही, ग्रीन कार्डही लागत नाही. एच-१बीवर असलेल्या पालकांनाही तितकाच हक्क आहे. मत मात्र बोर्डाच्या निवडणुकीत सहसा नागरिकांनाच देता येतं, सॅन फ्रान्सिस्को हा ठळक अपवाद. तिथं २०१६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या 'प्रपोझिशन एन'मुळे शहरात राहणाऱ्या बिगर-नागरिक पालकांनाही शाळा बोर्डासाठी मत देता येतं, आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयानं ते वैध ठरवलं.